वस्तीचा आवाज आकाशवाणीपर्यंत: श्रोत्यांनी केंद्राला काय आणि कसं कळवावं

२०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आणि तिथली बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायची, असा निर्णय प्रसारभारतीने घेतला. पुण्यात त्यावर बराच गदारोळ झाला. श्रोते, पत्रकार, निरनिराळ्या पक्षांचे लोकप्रतिनिधी असे सगळे एका सुरात बोलले आणि थोड्याच दिवसांत तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. लोकांनी कळवलं तर आकाशवाणी ऐकते, याचा हा ठळक दाखला आहे.

विभाग वाचला, ते चांगलंच झालं. पण तो वाचवण्याच्या धामधुमीत एक प्रश्न मागे राहिला. त्या बातमीपत्रांत आणि एकूणच केंद्राच्या कार्यक्रमांत जनता वसाहत, लोहियानगर, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट अशा वस्त्यांतली माणसं किती वेळा येतात, आणि येतात ती कशासाठी? याचं उत्तर मी इथे देणार नाही. ते वस्तीतल्या श्रोत्यांनी स्वतः ऐकून काढायचं आणि केंद्राला कळवायचं आहे. अंगणवाडी ताई, बचत गटाच्या बाया, मंडळाची पोरं, राष्ट्रीय सेवा योजनेतले विद्यार्थी, यांपैकी कुणालाही ते जमण्यासारखं आहे. उदाहरणं पुण्याची घेतली आहेत. मुंबई, नागपूर, सोलापूरच्या वाचकांनी आपापल्या वस्त्यांची नावं घालून वाचावं.

हातात मोबाइल असताना रेडिओला कशाला कळवायचं, असं तरुण मंडळी विचारतात. यूट्यूबवर चॅनल चालवणारा माणूस कितीही भला असला, तरी त्याने तुमच्याकडे यावंच असं तुम्ही त्याला बजावू शकत नाही. आकाशवाणीला बजावू शकता. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलं आहे. १९९० च्या प्रसारभारती कायद्याचं बारावं कलम तर प्रत्येक वस्तीत छापून लावावं असं आहे. नागरिकांचा खरी माहिती मिळण्याचा हक्क, सामाजिक न्याय, अस्पृश्यता आणि विषमतेशी लढा, दुर्बल घटकांचं कल्याण, श्रमिक वर्गाच्या हक्कांचं रक्षण, ही सगळी उद्दिष्टं त्यात लिहिलेली आहेत. सेवा कुणाची करायची, त्या यादीत ग्रामीण जनता आहे, सीमाभाग आहे, मागास आणि दुर्गम प्रदेश आहेत. शहरातली झोपडपट्टी मात्र नावानिशी नाही. शेतकऱ्यासाठी आकाशवाणीवर स्वतंत्र कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मुंबई केंद्रावरची ‘कामगार सभा’ एके काळी गिरणगावात आवर्जून ऐकली जायची. आजच्या घरेलू कामगार बाईला, कचरावेचकाला, बांधकाम मजुराला अशी हक्काची वेळ कुठली, हे केंद्राला विचारायला हवं. पर्वतीच्या उतारावरच्या ज्या गल्लीत रुग्णवाहिका चढत नाही, ती जागा दुर्गम नाही असं कोण म्हणेल?

केंद्रातली माणसं वाईट असतात म्हणून वस्ती सुटते, असं समजू नका. बातम्या येण्याची वाटच तशी आहे. जिल्ह्यांसाठी अंशकालीन बातमीदार असतात. शहरातल्या बऱ्याच बातम्या महापालिका, पोलीस, जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या प्रसिद्धिपत्रकांतून येतात. दहा मिनिटांचं बातमीपत्र म्हणजे हजाराच्या आसपास शब्द, त्यात मंत्रिमंडळ, हवामान, क्रिकेट हे सगळं बसवायचं. वस्तीला जनसंपर्क अधिकारी नसतो. तो नसल्याची भरपाई म्हणजेच श्रोत्यांचं पत्र.

आधी वही ठेवा

“आमच्याकडे कुणी लक्ष देत नाही” हे वाक्य पत्रातून काढूनच टाका. ते खरं असलं तरी त्यावर कुठल्याही अधिकाऱ्याला काही करता येत नाही. त्याऐवजी दोघातिघांनी मिळून महिनाभर ऐकायचं आणि वहीत नोंद करायची. शक्य असेल तर महिना पावसाळ्यातला निवडा, कारण वस्ती बातमीत येण्याची शक्यता तेव्हा जास्त.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, कार्यक्रमाचं किंवा बातमीपत्राचं नाव, कुठल्या भागाबद्दल होतं, विषय काय, आणि कोण बोललं. या शेवटच्या रकान्यात सगळा जीव आहे. एखाद्या चर्चेत पंधरा मिनिटं वस्तीतल्या पाण्यावर बोलणं झालं आणि बोलणारे होते उपायुक्त, समाजकार्याचे प्राध्यापक आणि सूत्रसंचालक, तर वस्ती ऐकू आली असं मी तरी मानणार नाही. उलट चाळीस सेकंदांत एखादी बाई, टँकर कधी येतो आणि त्यासाठी तिचा कामाचा खाडा कसा होतो, हे सांगून गेली तर ती खरी नोंद. किती मिनिटं मिळाली याचा हिशोब ठेवा, पण भांडा ते आवाजासाठी.

आणखी एक रकाना ठेवा: ‘पुढे काय झालं, ते आलं का?’ महिन्याच्या शेवटी बहुतेकांचा हा रकाना कोराच निघेल.

बातमीपत्र चुकलं तर हळहळू नका. आकाशवाणीच्या वृत्तविभागाच्या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रांचा मजकूर आणि ध्वनिमुद्रण ठेवलेलं असतं, आणि त्यांच्या मोबाइल ॲपवर केंद्रांचं थेट प्रसारणही ऐकता येतं. वहीतली नोंद त्या मजकुराशी ताडून पाहा. पत्रात एक तारीख चुकली की बाकीच्या पंधरा बरोबर तारखांवरचा विश्वास उडतो.

ऐकू येत नसेल तर तेही लिहा. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे. पत्र्याच्या घरात, शेजारी एलईडी दिवे आणि चार्जर चालू असताना तिथे नुसती खरखर येते. एफएमवर ऐकायचं म्हटलं तर बऱ्याच साध्या मोबाइलना इअरफोन जोडल्याशिवाय स्टेशनच लागत नाही, म्हणजे चार जणींनी मिळून ऐकणं अवघड. ‘आमचे श्रोते कमी आहेत’ असं केंद्र म्हणेल तेव्हा ही नोंद कामाला येते.

घटनेनंतरचं ऐका

२७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ मुठा उजवा कालवा फुटला. पाणी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घुसलं, शेकडो घरांतला संसार भिजला. तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरल्याचं सांगितलं आणि मग सगळ्या माध्यमांतून उंदीर-खेकडेच धावू लागले. विनोद झाले, व्यंगचित्रं आली. त्या गडबडीत वस्तीतल्या माणसाला जे हवं होतं ते साधं होतं. पंचनामा कोण करणार, भाडेकरूचं नाव त्यात येणार का, भिजलेल्या रेशन कार्डाची दुसरी प्रत कुठल्या कार्यालयात मिळते, मुलीची दहावीची गुणपत्रिका गेली तर मंडळाकडे अर्ज कसा करायचा.

ही माहिती देणं हे सार्वजनिक रेडिओचं काम आहे, आणि ते बातमीपत्रात मावत नसलं तरी पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात आरामात मावतं. म्हणून पत्रात नुसतं ‘बातमी नीट दिली नाही’ असं न लिहिता, ‘या घटनेनंतरच्या आठवड्यात आम्हाला ही चार उत्तरं हवी होती’ असं लिहा. असं पत्र वाचणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्याला तक्रारीबरोबर पुढच्या कार्यक्रमाची संहिताच हातात मिळते.

आंबिल ओढ्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. २४ जून २०२१ ला दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठच्या घरांवर बुलडोझर आला, लोक रस्त्यावर उतरले आणि न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली. दोन्ही दिवशी कॅमेरे आणि माइक हजर होते. मधल्या एकवीस महिन्यांत काय झालं? ओढ्याचा प्रवाह कसा वळवायचा ठरलं, कुणाला पात्र धरलं, नोटिसा कधी लागल्या, हे सगळं त्याच काळात घडत होतं. वस्तीबद्दलच्या वार्तांकनातली खरी पोकळी मधल्या या महिन्यांत असते. आपल्या वस्तीची अशी ‘मधली’ गोष्ट आज कोणती चालू आहे, ती ओळखून कळवणं, एवढं एक काम जमलं तरी पत्राचं सार्थक झालं.

पावसाळ्यात खडकवासल्यातून इतके क्युसेक पाणी सोडलं, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं, असं रेडिओ सांगतो. आकडा बरोबर असतो. पण पाटील इस्टेटच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या आजीला क्युसेकचं काय करायचं? पाणी आपल्यापर्यंत पोचायला किती तास लागतील, कुठल्या शाळेत आसरा आहे, कुठला पूल बंद होणार, हे तिला हवं. सूचनेत क्युसेकबरोबर वस्त्यांची नावं आणि आसऱ्याच्या जागा द्या, ही मागणी मान्य करायला केंद्राला ना जादा पैसा लागतो ना जादा माणूस. अशा स्वस्त मागण्या पत्रात आधी घाला.

वस्तीत बसून ऐकणं

वही दोघातिघांची असते, पत्र मात्र वस्तीचं हवं. समाजमंदिरात किंवा बुद्धविहारात एका दुपारी दहा-बारा जणांना बसवा, एक बातमीपत्र आणि एक कार्यक्रम स्पीकरवर ऐकवा. वेळ दुपारी दोन ते चारची बरी, धुण्या-भांड्यांची पहिली फेरी उरकून बाया घरी आलेल्या असतात. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. पाहुण्याने विचारल्यासारखं सगळे ‘छान होतं’ म्हणतील आणि बैठक फुकट जाईल. यातलं तुम्हाला आधीच काय माहीत होतं, काय चुकीचं सांगितलं, आणि कुणी बोलायला हवं होतं, असं विचारा. तिसऱ्या प्रश्नावर नावं येऊ लागतात. रात्रपाळीचा रखवालदार, स्वच्छतागृहाची देखभाल करणारी बाई, आशा ताई. ही नावं लिहून घ्या. केंद्राला वक्ते सुचवायचे आहेत ते इथूनच.

अशाच बैठकीत वेळेचा प्रश्न निघेल. स्त्रियांचे कार्यक्रम वर्षानुवर्षं भर दुपारी लागत आले, कारण त्या वेळी बाई घरी निवांत असते असं गृहीत धरलेलं. घरेलू कामगार बाईची पहिली फेरी तेव्हा उरकलेली नसते, ती अजून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असते. वेळ बदलणं जड जात असेल तर संध्याकाळी पुन्हा लावा, असं सुचवता येतं.

दोन गोष्टी सांभाळा. वस्तीचा ‘भाऊ’ बैठक ताब्यात घेऊ पाहील. त्याला बोलवा, पण शेवटी बोलायला सांगा. आणि वस्ती म्हणजे फक्त मराठी बोलणारी माणसं नव्हेत. वडार, कैकाडी, पारधी घरं, दखनी बोलणारे, कर्नाटक-तेलंगणातून कामाला आलेले, यांना वगळून केलेलं पत्र पुन्हा तोच पक्षपात करतं ज्याचा ठपका आपण रेडिओवर ठेवतो आहोत.

पत्र लिहिताना

बातम्यांबद्दल असेल तर प्रादेशिक वृत्तविभागाच्या प्रमुखांना, कार्यक्रमांबद्दल असेल तर केंद्राच्या कार्यक्रम प्रमुखांना लिहा. हे दोन विभाग वेगळे आहेत. दोघांना मिळून एक पत्र धाडलं तर ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. मेल करा, पण कागदी प्रतही द्या आणि पोच घ्या. एका पत्रात एकच विषय, पानभर मजकूर, सोबत वहीची झेरॉक्स. नमुना असा:

“महोदय/महोदया,
आम्ही अमुक वस्तीतील श्रोते आहोत. गेल्या महिन्यात आम्ही आपल्या केंद्राची सकाळची बातमीपत्रे आणि आरोग्यविषयक कार्यक्रम नियमित ऐकले. नोंदी सोबत जोडल्या आहेत. आमच्या प्रभागाविषयी आलेल्या बातम्यांपैकी बहुतेक आग आणि अतिक्रमण कारवाईच्या होत्या आणि त्यांत रहिवाशांचा आवाज नव्हता. अमुक तारखेचा डेंग्यूवरील कार्यक्रम आम्हाला उपयोगी वाटला. मात्र साठवलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्या, हा सल्ला आमच्याकडे एक दिवसाआड आणि तेही जेमतेम पाणी येत असल्याने पाळता येत नाही. अशा घरांनी काय करावे, यावर एक कार्यक्रम व्हावा. त्यात आमच्या वस्तीतील आशा सेविका आणि दोन गृहिणी बोलण्यास तयार आहेत. ध्वनिमुद्रण वस्तीत येऊन केल्यास आम्ही शांत जागेची व्यवस्था करू.
आपले विश्वासू,
(सह्या, संपर्कासाठी एक क्रमांक)”

या पत्रात राग नाही, पण बोट नेमकं ठेवलं आहे. ‘शांत जागेची व्यवस्था करू’ हे वाक्य विसरू नका. वस्तीत ध्वनिमुद्रण करायचं म्हटलं की गोंगाटाची सबब हमखास पुढे येते. नमुन्याचा आवाज पाठवायचा असेल तर पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून दोन-तीन मिनिटं बोला आणि फाइल मेलने पाठवा, व्हॉट्सॲपवरून फिरवून आवाज खराब करू नका.

जिचं घर कागदोपत्री वादात आहे, किंवा जी दारूच्या अड्ड्याविरुद्ध बोलते आहे, तिला माइकसमोर ढकलण्याआधी नाव न देता बोलायचं का, हे विचारा. रेडिओवर चेहरा दिसत नाही, पण वस्तीत आवाज ओळखतात.

कम्युनिटी रेडिओशी बोलताना

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ आहे, साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’. तुमच्या परिसरात असं केंद्र असेल तर त्याच्याशी बोलण्याची रीत वेगळी. केंद्र सरकारच्या धोरणानुसार या केंद्रांचा किमान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हायला हवा. त्यांच्या सल्लागार व मजकूर समितीत निम्म्या जागा स्त्रियांना, असं २०२४ च्या सुधारित धोरणात म्हटलं आहे. म्हणजे इथे पत्र लिहिण्याआधी समितीत वस्तीतलं कोण आहे, हे विचारायचं. कुणी नसेल तर नाव सुचवायचं.

एक मर्यादा मात्र समजून घ्या. स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पाणीकपात, वीज, साथीचे इशारे यांच्या प्रशासनाने दिलेल्या सूचना सांगता येतात. तेव्हा ‘आमच्या नळाला पाणी नाही ही बातमी द्या’ म्हणून त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. ‘पाण्यावर वस्तीतल्या बायांच्या गप्पा’ असा कार्यक्रम मागा, तो त्यांना करता येतो. आणि प्रसारित कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे आक्षेप असेल तर त्या मुदतीत नोंदवा.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर थांबून एक स्मरणपत्र द्या. तरीही सामसूम असेल तर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर पोच जोडून नोंद करा. त्यापुढचा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. प्रसारभारती हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, शुल्क दहा रुपये, अर्ज मराठीत चालतो, उत्तराची मुदत तीस दिवस. फक्त ‘आमच्या वस्तीवर कार्यक्रम का नाही?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा. गेल्या सहा महिन्यांत स्टुडिओबाहेर कुठे कुठे ध्वनिमुद्रण झालं त्याची यादी, आरोग्य आणि नागरी प्रश्नांवरच्या कार्यक्रमांच्या तारखा, विषय आणि वक्त्यांचे हुद्दे, श्रोत्यांकडून आलेल्या पत्रांची नोंदवही. ती यादी हातात आली की तुमच्या वहीला जोड मिळते, आणि दुसरं पत्र पहिल्यापेक्षा वजनदार होतं.

माहितीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकण्याचा उत्साह मात्र आवरा. केंद्रांत माणसं कमी आहेत, पुष्कळसं काम नैमित्तिक निवेदकांवर चालतं. आधी भेटा, चहा घ्या, बोला. अर्ज हे पुढचं हत्यार आहे.

आणि चांगलं झालं तर तेही त्याच आठवड्यात लेखी कळवा. कचरावेचक बायांवर एखाद्या कार्यक्रम अधिकाऱ्याने मनापासून अर्धा तास केला, तर त्याच्या वरिष्ठांना दाखवायला त्याच्याकडे तुमच्या पत्राशिवाय दुसरा पुरावा नसतो. ते पत्र फाइलला लागलं, तर पुढच्या वेळी वस्तीत येण्यासाठी गाडी मागताना त्याला ते पुढे करता येतं. एक वही, दोन ऐकणारे आणि टपालखर्च, एवढ्यावर हे काम सुरू होतं. या पावसाळ्यात आपल्या वस्तीत ते सुरू करा.